जंगल, उपग्रह आणि नकाशे : यात करिअर होतं का हो?

वडाचा_पार
४ डिसेंबर, रात्री १०:१२

मंडळी, प्रश्न घरगुती आहे, पण इथे त्यातलं कुणीतरी जाणकार निघेलच म्हणून धागा काढतोय.

माझी भाची अकोल्याला बी.एस्सी. फॉरेस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरच्यांनी मनातल्या मनात तिला केव्हाच रेंजर करून टाकलं होतं. एमपीएससीची वनसेवा, खाकी, सरकारी क्वार्टर, अंगणात आंबा. दिवाळीला आली आणि पहिली चकली मोडायच्या आत म्हणाली, "मामा, मला परीक्षा नाही द्यायची. रिमोट सेन्सिंग करायचंय." उपग्रहाच्या चित्रांवरून जंगलाचे नकाशे करायचे, कुठे जंगल विरळ झालं, कुठे वणवा लागला ते शोधायचं, असं काहीसं. ताईने माझ्याकडे बघितलं. घरात कॉम्प्युटरचा विषय निघाला की तो माझ्या गळ्यात. मी बँकेत आहे, एक्सेलच्या पलीकडे मला ठो कळत नाही.

तर यात खरंच पोटापाण्याचं काम आहे का, की कोर्सवाल्यांनी फुगवलेला फुगा आहे? शिकायचं कुठे? आणि जंगलात फिरावं लागतं की सगळं ऑफिसातच? (हा शेवटचा प्रश्न ताईचा.)

हुप्प्या
४ डिसेंबर, रात्री १०:३१

जागा पकडून ठेवतो. चहा आणतो तोवर कुणीतरी लिहा.

पानगळ
४ डिसेंबर, रात्री ११:५५

व.पा., ताईंच्या प्रश्नापासून सुरुवात करते. फिरावं लागतं. जी मुलं फिरत नाहीत त्यांचे नकाशे चुकतात. माझाही चुकला होता, तोच किस्सा सांगते.

अकरा वर्षं हेच काम करतेय, मुक्काम नागपूर. २०१४ साली नवी नवी लागले तेव्हा मेळघाटातल्या एका रेंजचा (वनपरिक्षेत्राचा) 'बदल नकाशा' करायचा होता. आधीचं चित्र नोव्हेंबरचं होतं, नंतरचं मी उचललं मार्चअखेरचं, कारण त्यात ढगाचा ठिपका नव्हता आणि लँडसॅट या अमेरिकी उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. दोन्ही एकावर एक टाकली आणि माझी तर झोपच उडाली. अर्धी रेंज साफ! रिपोर्ट लिहिला, लाल रंगात 'तीव्र ऱ्हास' वगैरे. साहेब शहाणे होते. काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "जाऊन बघून ये."

गेले. सोबत एक वनरक्षक दिले होते, पन्नाशीचे. जीपीएसमध्ये माझा 'तीव्र ऱ्हास'वाला बिंदू टाकला आणि चालत सुटलो. बिंदूवर पोचलो तर चारी बाजूंनी साग, चांगला पुरुषभर घेराचा. फक्त अंगावर पान नाही. खाली मात्र घोट्यापर्यंत सुकलेली पानं, सागाचं पान म्हणजे सुपाएवढं, पाऊल टाकलं की पापडाचा डबा सांडल्यासारखा आवाज. वनरक्षकांनी एक पान उचलून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मॅडम, हे घ्या तुमचं गेलेलं जंगल."

माझं इथलं नाव तेव्हापासूनचं आहे.

तांत्रिक भाषेत चूक एवढीच, की पानझडी जंगलाची दोन चित्रं वेगवेगळ्या ऋतूंतली घेऊन तुलना करायची नसते. हिरवं पान जवळचा इन्फ्रारेड प्रकाश भरपूर परावर्तित करतं आणि लाल प्रकाश शोषून घेतं. त्या दोन आकड्यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा हिरवेपणाचा निर्देशांक मिळतो, आमच्या धंद्यातला पहिला पाढा. पान नसेल तर निर्देशांक खाली येतो. झाड गेलं की फक्त पान गेलं, हे त्या आकड्याला कळत नाही. म्हणूनच भारतीय वन सर्वेक्षण देशाच्या अहवालासाठी पावसाळा सरल्यानंतरची, झाडावर पान असतानाची चित्रं वापरतं.

करिअरबद्दल उद्या लिहिते. झोप आली.

निवृत्त_रेंजर
५ डिसेंबर, सकाळी ६:४०

पानगळ ताई, वनरक्षकाने बरोबर केले. आमच्या वेळी असा नकाशा आणला असता तर चहा पण नसता दिला तुम्हाले!

मी १९८३ ला नोकरीत आलो. तेव्हा नकाशा म्हणजे चार इंची. चार इंच म्हणजे एक मैल. कापडावर चिकटवलेला, घडी पडली तिथे नाला गायब. कार्य आयोजनेच्या, म्हणजे जंगलाच्या आराखड्याच्या, कामाला जरीब (मोजणीची साखळी) आणि प्रिझमॅटिक कंपास घेऊन कक्षाकक्षात (जंगलाच्या आखलेल्या तुकड्यांत) फिरायचे, झाडोऱ्याची घनता डोळ्याने ठरवायची, संध्याकाळी कंदिलाखाली स्टॉक मॅप रंगवायचा. साग एक रंग, बांबू एक रंग, रिकामी जागा पांढरी. साहेब तपासणीला येणार असले की पांढरी जागा थोडी कमी व्हायची, खोटे कशाला बोलू.

उपग्रह आला तेव्हा आम्हाला वाटले हे हेरगिरीचे काम आहे. पण एक सांगतो. पांढरी जागा लपवणे त्याने बंद केले.

पानगळ
५ डिसेंबर, दुपारी १:२०

काका, तुमच्या त्या चार इंची नकाशांनी माझी दोन वर्षं खाल्ली आहेत. :) वर म्हटलेल्या कामाचा मोठा भाग हाच असतो. जुना कागदी नकाशा स्कॅन करायचा, त्याला अक्षांश-रेखांशावर बसवायचा, मग कक्षांच्या सीमा एकेक करून गिरवायच्या. जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवर, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचे पायेच वेगळे. हा फरक लक्षात न घेता नुसतं एकावर एक ठेवलं तर आमच्या भागात सीमा शंभराहून जास्त मीटर सरकते. शंभर मीटर म्हणजे कुणाचं तरी शेत जंगलात, नाहीतर जंगल शेतात. कोर्टाच्या तारखा या सरकण्यातून निघतात.

व.पा., म्हणून भाचीला सांगा, पहिली दोन वर्षं 'एआय' वगैरे काही नाही. डिजिटायझेशन, चुकीच्या शेपफाइली (नकाशातल्या सीमांच्या फाइली) दुरुस्त करणं, आणि कुणीतरी अक्षांशाच्या जागी रेखांश भरून पाठवलेली यादी सरळ करणं. एका कामात रोपवनांच्या सीमा मोबाइलवरून घेऊन केएमएल फाइली आल्या होत्या. त्यांतलं एक रोपवन थेट तलावात निघालं आणि दोन रोपवनं हुबेहूब एकाच जागी. तलावातलं माणसाच्या चुकीने. दुसऱ्याबद्दल मी मौन पाळते.

काजूबी
५ डिसेंबर, रात्री ९:०५

दोडामार्गातून बोलतंय. या उपग्रहवाल्यांवर माझा राग आहे, तो इथे काढतो.

दर दोन वर्षांनी बातमी येते, वनाच्छादन वाढलं. आमच्या डोळ्यांदेखत गेल्या काही वर्षांत डोंगरच्या डोंगर सपाट करून रबर लावला. आधी काय होतं तिथे? किंदळ, आईन, जांभूळ, खाली कारवी. ते गेलं आणि रांगेत रबर उभा राहिला. वरून दोन्ही हिरवंच! शेकऱ्याला विचारा हिरवं कुठलं ते.

पानगळ
५ डिसेंबर, रात्री १०:४८

राग रास्त आहे, पण उपग्रहावर काढू नका, व्याख्येवर काढा.

भारतीय वन सर्वेक्षणाची वनाच्छादनाची व्याख्या अशी : एक हेक्टर किंवा त्याहून मोठी जमीन, तिच्यावर झाडांच्या छत्राची घनता १० टक्के किंवा जास्त. मालकी कुणाची, जमीन कायद्याने वन आहे की नाही, झाड कुठल्या जातीचं, काही बघायचं नाही. आंबराई, नारळाची बाग, बांबू, रबर, सगळं त्यात. ७० टक्क्यांच्या वर अतिघनदाट, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. २०२३ च्या अहवालात देशाचं वन आणि वृक्षाच्छादन मिळून २५.१७ टक्के आलं, त्यात वनाच्छादन २१.७६. या आकड्यात तुमचा रबरही बसलाय आणि काजूही.

मोजणी या व्याख्येपुरती बरोबर असते. बातमी देणारा 'वनाच्छादन'चं 'जंगल' करून टाकतो तिथे घोळ होतो. आणि रबर वेगळा काढता येत नाही असं नाही. रबर आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत एकदम पान टाकतो आणि लगेच नवी पालवी घेतो, शेजारचं सदाहरित जंगल तसं करत नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ चे दोन उपग्रह मिळून दर पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात, दहा मीटरचा पिक्सेल (चित्रातला एक चौकोनी ठिपका). वर्षभराची चित्रं रांगेत लावली की पानगळीची ती खाच दिसते. म्हणजे ज्या पानगळीने मला २०१४ ला फसवलं तिचाच आता उपयोग.

अडचण तुमच्याकडच्या पावसाची. जून ते सप्टेंबर नुसता ढग. तिथे रडार लागतं, ते ढगातून आरपार बघतं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, इस्रो आणि नासाचा मिळून. त्यातलं एल-बँड रडार, लहरीची लांबी सुमारे २४ सेंटिमीटर, पानांतून आत शिरून फांद्या-खोडांपर्यंत पोचतं. भाची शिकून बाहेर पडेल तेव्हा हा डेटा वाचता येणाऱ्यांना मागणी असेल असं मला वाटतं.

सदाशिवपेठी_पायथन
६ डिसेंबर, सकाळी ११:३०

सगळं वाचलं. आयटीतला असल्याने थोडं परखड लिहितो. हे सगळं क्लासिफिकेशन आहे आणि क्लासिफिकेशन मशीन करतं. गूगलच्या अर्थ इंजिनवर पन्नास ओळींचा कोड, रँडम फॉरेस्ट नावाची वर्गीकरणाची पद्धत लावा, अख्खा महाराष्ट्र पंधरा मिनिटांत. त्यासाठी मुलीने जंगलात भटकायची गरज काय? सरळ डेटा सायन्स करू दे, पगारही दुप्पट.

निवृत्त_रेंजर
६ डिसेंबर, दुपारी १२:०२

रँडम फॉरेस्ट म्हणजे आमच्या काळात बिनआयोजनेचे जंगल. त्यासाठी मेमो मिळायचा.

पानगळ
६ डिसेंबर, दुपारी २:१५

काका!! =))

पायथन साहेब, पन्नास ओळी मीही लिहिते. पण त्या मशीनला 'हा साग, हा सालई, ही घाणेरी' हे शिकवायचे नमुने कोण देतं? आमच्या बाजूच्या पानझडी जंगलात घाणेरीने खालचा थर असा व्यापलाय की वरचं झाड गेलं तरी निर्देशांक छान हिरवा राहतो. मशीन म्हणतं जंगल तब्येतीत आहे. तिथे उभं राहिलात तर हरणाला खायला गवताची काडी नाही. हे खुर्चीत बसून एकदाही कळलं नसतं.

नमुना म्हणजे काय तेही सांगते. झाडं मोजायचा नमुना-प्लॉट ०.१ हेक्टरचा. चौकोनाची बाजू ३१.६२ मीटर. टेप लावून कोपरे काढायचे, आतल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजायचा. उतारावर असाल तर मीटर कुठून धरायचं यावरून वाद. काट्यांत टेप अडकते, गांधीलमाशा उठतात, चौथा कोपरा नेमका नाल्यात येतो. अशा चांगल्या दिवशी तीन-चार प्लॉट होतात. यातूनच पुढे बायोमास, कार्बन वगैरे आकडे निघतात.

डेटा सायन्स जरूर यावं. पायथन नसेल तर आता भागतच नाही, तेवढं तुमचं मान्य. पण फॉरेस्ट्रीवालीने ते शिकणं सोपं, कोडवाल्याने साग ओळखायला शिकणं अवघड. तिच्या हातात तीच जमेची बाजू आहे, ती टाकून देऊ नये.

माळढोक_गेला_कुठे
६ डिसेंबर, रात्री ८:४४

सोलापूरकडून एक मुद्दा. झाड म्हणजे चांगलं आणि झाड नाही म्हणजे पडीक, हा या नकाशांनी केलेला सगळ्यात मोठा घात. आमचं माळरान नकाशावर वर्षानुवर्षं 'पडीक', 'खुरटी झुडपं' अशा खान्यात. मग तिथे गिरिपुष्प लावून हिरवं करायचं. लांडगा, खोकड, धाविक, सगळे बेघर. भाचीने माळरानाचा धड नकाशा केला तर तिचा सत्कार मी करेन, हुरडा पार्टीसकट.

हुप्प्या
६ डिसेंबर, रात्री ९:००

हुरड्याला मीही. चहा संपला.

टोला_ते_टोला
७ डिसेंबर, सकाळी ७:२५

गडचिरोलीत वनहक्काच्या कामात आहे. करिअरचं बोलताय तर ही बाजूही येऊ द्या, कारण सगळी कामं वनविभागाकडूनच येत नाहीत.

वनहक्क कायदा २००६ चा. मेंढा (लेखा) गावाला सामूहिक हक्क मिळाला २००९ मध्ये. त्यानंतर जिल्ह्यात शेकडो ग्रामसभांचे दावे झाले, आणि प्रत्येक दाव्याला नकाशा लागतो. आम्ही जीपीएस घेऊन गावासोबत सीमा चालतो. मागच्या वर्षी एका गावाची सीमा चालायला तीन दिवस लागले. पुढे दोन म्हातारे, मागे सगळा गाव, शिदोरी बांधून. नकाशावर जिथे नुसता 'नाला' लिहिलं होतं, तिथे त्यांच्याकडे नऊ नावं निघाली. अमुक दगड, तमुक डोह, जिथे वाघाने बैल नेला ती खिंड. सगळी गोंडीत. आमच्यातल्या एका पोरीने प्रत्येक नाव ऐकून बिंदूला लावलं. तिचं शिक्षण बी.ए. भूगोल, नकाशे करायचं क्यूजीआयएस सॉफ्टवेअर आमच्याकडेच शिकली. आता त्या ग्रामसभांचे व्यवस्थापन आराखडे तीच नकाशांवर बेततेय : कुठे बांबू तोडायचा, कुठे दोन वर्षं हात लावायचा नाही, कुठे जाळरेषा (आग अडवणारा मोकळा पट्टा) घ्यायची.

आता उलट बाजू. वैयक्तिक दाव्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा कब्जा दाखवावा लागतो. कुणी म्हणतं २००५ चं उपग्रह चित्र काढा, त्यात शेत दिसत नाही, दावा फेटाळा. अहो, आपल्या उपग्रहावरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा पिक्सेल साडेतेवीस मीटरचा. एका एकरात जेमतेम सात पिक्सेल. त्यात आमचा माणूस शेतातला मोह कधी तोडत नाही. एकरात चार मोह उभे असले की वरून ते विरळ जंगलच दिसणार. २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलंय, उपग्रह चित्र इतर पुराव्याला जोड म्हणून वापरा, त्याच्या जागी नाही. ज्याला हे काम करायचं त्याने सात पिक्सेलांवर कुणाचं तरी पोट आहे हे ध्यानात ठेवावं.

पानगळ
७ डिसेंबर, सकाळी १०:१०

टोला, हे वाचून मी दोन मिनिटं गप्प बसले. ते मोहाचं मी माझ्या नवीन मुलांना वाचून दाखवणार आहे.

वडाचा_पार
७ डिसेंबर, रात्री ९:३५

मंडळी, धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. ताई रोज फोन करून विचारते, "आज काय म्हणाले?" वणव्याचं कुणी लिहिलं नाही अजून. आणि माफ करा, बँकेचा माणूस आहे, पैशाचं कुणीच बोलत नाहीये.

निवृत्त_रेंजर
८ डिसेंबर, सकाळी ६:१५

वणव्याचे मी सांगतो. आमच्याकडे १५ फेब्रुवारी ते १५ जून आगीचा हंगाम. मोहफूल वेचायला झाडाखालची पाने जाळतात, तेंदूला नवी पालवी चांगली यावी म्हणून जाळतात, कुणी बिडी टाकतो. पूर्वी धूर दिसला की कळायचे, तोवर दोन कक्ष गेलेले.

निवृत्तीच्या आधी काही वर्षे मोबाइलवर संदेश येऊ लागले. डेहराडूनच्या वन सर्वेक्षणाकडून, अक्षांश-रेखांशासकट. पहिल्याच हंगामात भर दुपारी संदेश आला, पोरे ब्लोअर घेऊन धावली. चार किलोमीटर. पोचले तर काय, वीटभट्टी! भट्टीवाला म्हणतो, "साहेब, चहा घेता का?" पोरे मला शिव्या घालत परतली. पण त्याच आठवड्यात रात्री दीडच्या पासचा एक संदेश आला, सकाळी तो खरा निघाला, डोंगरापलीकडे, जिकडे आमचा धूर कधी दिसलाच नसता. तेव्हापासून मी संदेशाला नावे ठेवली नाहीत.

पानगळ
८ डिसेंबर, सकाळी ११:००

काकांच्या वीटभट्टीचं कारण : उपग्रहाला आग दिसत नाही, उष्णता दिसते. व्हिअर्स या सेन्सरचा पिक्सेल ३७५ मीटरचा, म्हणजे चौदा हेक्टर, पस्तीसेक एकर. त्यातली भट्टी असो की वणवा, संदेशात बिंदू येतो पिक्सेलच्या मध्याचा. जुन्या मोडिसचा पिक्सेल तर एक किलोमीटरचा. कायमच्या भट्ट्या, कारखाने यांची यादी करून ते बिंदू गाळणं, उरलेले बीटच्या (वनरक्षकाच्या हद्दीच्या) सीमेवर टाकून नेमक्या वनरक्षकाला पाठवणं, हंगाम संपला की जळालेलं क्षेत्र मोजणं, हे सगळं आमच्या लोकांचं काम. दरवर्षी त्याच त्या जागी आग का लागते याचा नकाशा केला तर तो जवळपास मोहाच्या झाडांचा नकाशा निघतो, आणि मग जाळरेषा कुठे घ्यायची ते आपोआप कळतं.

आता पैसा. माझा पहिला पगार २०१४ चा, महिना १४,०००, कंत्राटी, अकरा महिन्यांचा करार. एका ठिकाणी तर चार महिने पगारच आला नव्हता, प्रकल्पाचा हप्ता अडकला म्हणून. या क्षेत्राचं दुखणं हेच आहे : काम सरकारी, माणूस कंत्राटी. कायम पदं थोडी, प्रकल्प संपला की नवा शोधा. कुणी कोर्सच्या जाहिरातीत 'शंभर टक्के नोकरी' म्हणत असेल तर काढता पाय घ्या.

तरी मी टिकून आहे, कारण कामाला तोटा नाही. वनविभागाच्या कार्य आयोजना दहा वर्षांच्या असतात, आणि राष्ट्रीय संहितेप्रमाणे त्यांत उपग्रह-जीआयएस (संगणकावरचं नकाशाकाम) आता लागतंच. नागपुरात महाराष्ट्राचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून आहे. हैदराबादला इस्रोचं एनआरएससी, डेहराडूनला वन सर्वेक्षण. व्याघ्र प्रकल्पांत एम-स्ट्राइप्स या अ‍ॅपवरच्या गस्तीचा डेटा. कोकणात कांदळवन. शिवाय खासगीकडे कार्बनवाले, वनजमीन दुसऱ्या कामाला वळवण्याच्या प्रस्तावांचे नकाशेवाले. एक नवीन दार युरोपच्या जंगलतोडविरोधी नियमाने उघडलंय. कॉफी, रबर तिकडे पाठवायचं तर ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जंगलावरचं नाही हे मळ्याच्या अक्षांश-रेखांशासकट दाखवावं लागणार, चार हेक्टरांहून मोठ्या मळ्याची पूर्ण सीमा आखून. अंमलबजावणी लांबत चाललीय, पण कोडगूच्या मळ्यांत मोजणीची कामं सुरू झालेली मी पाहिलीत. काजूबी, तुमच्या रबराचा हिशेब कदाचित ब्रुसेल्सवाले मागतील.

शिक्षण थोडक्यात, कारण हे जालावर मिळतं. डेहराडूनचं आयआयआरएस, इस्रोची रिमोट सेन्सिंगची संस्था, १९६६ पासून, जंगलाच्या बाबतीत पहिली पसंती. त्यांचे ऑनलाइन कोर्स फुकट असतात, भाचीने आजच नाव नोंदवावं, एक पैसा न घालवता कळेल की हे जमतंय का. आयआयटी मुंबईत सीएसआरई, याच विषयाचं केंद्र. पुण्यात विद्यापीठ आणि सिम्बायोसिस, दोन्हीकडे जिओइन्फॉर्मेटिक्स. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत २०२२ पासून जिओमॅटिक्सचा स्वतंत्र पेपर आहे. आणि व.पा., वनसेवेची परीक्षा सोडू नका म्हणावं. जीआयएस येणारा रेंजर मला आजवर दोनच भेटले, आणि दोघांच्याही रेंजमध्ये काम करणं म्हणजे सुट्टीवर जाणं.

ट्यूलिपवाडी
९ डिसेंबर, पहाटे ३:५०

नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेहून. इथल्या आयटीसी या रिमोट सेन्सिंगच्या संस्थेत शिकलो, इथेच राहिलो. डेहराडूनची संस्था सुरू झाली ती आयटीसीच्याच मदतीने, तेव्हा विमानातून काढलेल्या फोटोंचा अभ्यास व्हायचा. भाचीला पुढे परदेशी यायचं असेल तर शिष्यवृत्त्या आहेत, पण आधी दोन-तीन वर्षं तिकडे चिखलात काम करून ये म्हणावं. माझ्या वर्गात केनियाचा एक वनाधिकारी होता. प्रोफेसरांनी पडद्यावर चित्र टाकलं की आम्ही बँड बदलून बघायचो आणि तो म्हणायचा, "तिथे गुरं बसतात." दरवेळी बरोबर.

बाकी इथे जंगल रांगेत लावलेलं आहे. क्लासिफिकेशन फारच सोपं.

सदाशिवपेठी_पायथन
९ डिसेंबर, रात्री १०:२०

मागे हटतो, पण पूर्ण नाही. :) शनिवारी ताम्हिणीच्या एका तुकड्यावर मॉडेल चालवून पाहिलं. अचूकता ९४ टक्के आली. खूश होऊन रविवारी गाडी काढली. ज्याला मॉडेल 'घनदाट जंगल' म्हणत होतं त्यातला एक तुकडा म्हणजे एका रिसॉर्टची बांबूची बाग. ९४ टक्के कशाचे होते ते शोधतोय.

सालई
२२ फेब्रुवारी, रात्री ८:३०

नमस्कार. मीच ती भाची. मामांनी धागा काढलाय हे मला अडीच महिन्यांनी कळलं, तेही आईकडून.

सगळं दोनदा वाचलं. आयआयआरएसचा ऑनलाइन कोर्स केला. वनसेवेचा फॉर्मही भरणार आहे, पानगळताईंमुळे. मधल्या काळात आमच्या पातूरच्या घरामागच्या टेकडीचा नकाशा केला. सेंटिनेलची चित्रं, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सगळी रांगेत लावून. पाच वर्ग पाडले : साग, सालई-धावडा, झुडूप, गवत, उघडा खडक.

रविवारी तपासायला निघाले तर आई म्हणाली, एकटी जाऊ नकोस, मी येते. चपला बदलल्या आणि आली. वीस बिंदू तपासले, तेरा बरोबर, सात चुकले. चुकलेल्यांपैकी चार बिंदू माझ्या नकाशात 'सालई-धावडा', फेब्रुवारीतही हिरवे, मी त्यावर फार खूश होते. आईने लांबूनच सांगितलं, "अगं ती घाणेरी आहे. माझ्या लग्नात इथे नव्हती. तुझ्या जन्माच्या वर्षी आजीने सरपणाला पहिल्यांदा आणली होती." म्हणजे साधारण कधी पसरली त्याचं वर्षही मिळालं.

खडकावर बसून डबा खाल्ला. आईने मग हातातल्या काडीने मातीत अख्ख्या टेकडीचा नकाशा काढला, कुठे चारोळी असायची, कुठून मोळ्या आणायच्या, कुठल्या झऱ्याला मे महिन्यापर्यंत पाणी असायचं. मी फोटो काढला आणि घरी येऊन चित्रावर बसवून पाहिला. झरा तीन पिक्सेल चुकला. बाकी जागच्या जागी.

पानगळताई, एक प्रश्न. घाणेरीला वेगळा सहावा वर्ग करू, की झुडपातच ठेवू?

पानगळ
२२ फेब्रुवारी, रात्री ८:५२

वेगळा कर. उन्हाळा तोंडावर आलाय, मार्च-एप्रिलची चित्रंही घे. वरचं छत्र उतरलं की खालची घाणेरी एकटी उठून दिसेल. झुडपात टाकलीस तर पुढची दहा वर्षं कुणाला दिसणार नाही.

केएमएल मला व्यनि कर. आणि नकाशाच्या कोपऱ्यात 'क्षेत्र पडताळणी' अशी ओळ असते, तिथे आईचं नाव टाक.

वडाचा_पार
२२ फेब्रुवारी, रात्री ९:३०

ताईचा फोन येऊन गेला. तिला जीपीएस केवढ्याला मिळतो ते हवंय.